जांभळी पाणकोंबडी आणि तलावाकाठची शेती

सातारा व सांगली जिल्ह्यांतील जलाशयांच्या काठची परिस्थिती गेल्या काही दशकांत बरीच पालटली आहे. माण, खटाव, आटपाडी, कवठेमहांकाळ, जत हे तालुके पर्जन्यछायेत मोडतात. तेथील अनेक तलाव पूर्वी उन्हाळ्यात कोरडे पडत. टेंभू, ताकारी, म्हैसाळ या उपसा सिंचन योजनांचे कृष्णेचे पाणी जेथे जेथे पोहोचले, तेथे ओलावा अधिक काळ टिकू लागला. दुसरीकडे वाळवा, पलूस, मिरज या कृष्णाकाठच्या तालुक्यांत पाण्याचा बेसुमार वापर आणि निचऱ्याचा अभाव यांमुळे कित्येक जमिनी पाणथळ व खारवट झाल्या. जेथे पाणी साचून राहते, तेथे पाणकणीस, लव्हाळा व केंदाळ माजते. आणि जेथे असे रान माजते, तेथे पाणपक्षी वस्तीला येतात.

या पक्ष्यांपैकी जांभळी पाणकोंबडी ही शेतकऱ्याच्या नजरेत प्रथम भरते. तिचा झगझगीत रंग पाहून ती बाहेरून आलेली असावी, असा समज सहज होतो. भाताच्या खाचरात तिची जोडी दिसली आणि दुसऱ्या दिवशी चुडे उपटलेले आढळले, की तिला मारण्याचा विचार मनात येतो. हा विचार अमलात आणण्यापूर्वी तीन गोष्टी नीट तपासून पाहणे इष्ट आहे. नुकसान खरोखर कोणी केले? पक्षी मारून त्याची संख्या घटते काय? आणि घटत नसेल, तर कोणता उपाय हितावह ठरेल? या प्रश्नांचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

पक्ष्याची ओळख व राहणी

जांभळी पाणकोंबडी ही आकाराने गावठी कोंबडीएवढी असते. अंगाचा रंग निळसर जांभळा, डोके करडे, चोच जाड व तांबडी आणि कपाळावर तांबडी ढाल असते. पाय लांब, तांबूस व बोटे फार लांब असतात. चालताना ती आखूड शेपटी वरखाली उडवते, तेव्हा शेपटीखालचा पांढरा भाग स्पष्ट दिसतो. लांब बोटांमुळे ती पाण्यावर आडव्या पडलेल्या पाणकणसावरून सहज चालते. खाताना कोंब पायाच्या बोटांत धरून तोंडाशी नेण्याची तिची सवय ही ओळखीची पक्की खूण होय.

तिचे मुख्य अन्न म्हणजे पाणवनस्पतींचे कोवळे कोंब, देठातील मऊ गाभा, कंद व बी. यांशिवाय ती गोगलगायी, किडे आणि क्वचित इतर पक्ष्यांची अंडीही खाते. पावसाळा हा तिच्या विणीचा काळ होय. जून ते सप्टेंबर या महिन्यांत दाट पाणकणसात, पाण्याच्या किंचित वर, पाने व काड्या रचून ती घरटे करते. एका वेळी साधारणपणे तीन ते सात अंडी असतात. नर व मादी दोघेही अंडी उबवतात आणि सुमारे साडेतीन आठवड्यांत पिले बाहेर पडतात. हा पक्षी भारतात बारमाही राहणारा, येथील मूळचाच आहे. त्याला परका म्हणण्यास आधार नाही.

तिच्याशी गल्लत होऊ शकेल असे इतर पक्षी गावपातळीवरील कार्यकर्त्यांना ठाऊक असावेत. वारकरी हा पक्षी काळा असून त्याची चोच व कपाळ पांढरे शुभ्र असते; तो बहुधा उघड्या पाण्यावर थव्याने पोहतो. साधी पाणकोंबडी आकाराने लहान व काळपट असून तिच्या तांबड्या चोचीचे टोक पिवळे असते. पांढऱ्या छातीची पाणकोंबडी ओढ्याच्या व कुंपणाच्या कडेने फिरून बहुतांशी किडे टिपते. कमळपक्षी कमळाच्या पानांवरून चालतो. या सर्वांना एकाच मापाने मोजणे योग्य नव्हे.

नुकसान कोणाचे, हे आधी ठरवावे

भाताचे पीक लहान असताना जांभळ्या पाणकोंबडीकडून नुकसान होऊ शकते, हे मान्य केले पाहिजे. शिराळा, पाटण, जावळी या भातपट्ट्यात ओढ्याकाठच्या किंवा तलावाखालच्या खाचरांना हा धोका अधिक. पक्षी जितके खातो, त्याहून अधिक तुडवतो व मोडतो. मात्र चुडे तुटण्यास उंदीर व खेकडे हेही तितकेच कारणीभूत असतात. सकाळी शेतात पक्षी दिसतो, उंदीर दिसत नाही. म्हणून रात्रीच्या चोराचा दोष दिवसा दिसणाऱ्यावर येतो.

तिघांच्या खुणा निरनिराळ्या असतात. उंदराने तोडलेल्या फुटव्याचा काप तिरका व स्वच्छ असतो आणि जवळच्या बांधात ताज्या मातीची बिळे आढळतात. खेकडा कोवळे रोप जमिनीलगत कातरून बिळाकडे ओढून नेतो. बांधातील ओल्या, गोल बिळांच्या तोंडाशी पानांचे तुकडे सापडतात. पाणकोंबडीने नुकसान केले असल्यास चूड उपटलेला किंवा आडवा पाडलेला असतो, बुडखा सोलून आतील पांढरा गाभा खाल्लेला असतो, वरची पाने तशीच विखुरलेली असतात, आणि चिखलात तीन बोटे पुढे व एक मागे अशी मोठी पावले उमटलेली दिसतात. हे नुकसान प्रायः पाणकणसाच्या बाजूच्या कडेला असते, शेताच्या मध्यभागी क्वचितच.

नुकसान डोळ्यांनी अजमावण्यापेक्षा मोजणे बरे. बांबूच्या कामट्यांची एक मीटर लांब व एक मीटर रुंद चौकट करावी. ती शेतात दहा निरनिराळ्या ठिकाणी ठेवून आतील एकूण चूड व तुटलेले चूड मोजावेत, आणि प्रत्येक ठिकाणची खूण कोणाची आहे याची नोंद घ्यावी. तासाभराच्या या कामाने उंदरासाठी करावयाचा खर्च पक्ष्यावर वाया जात नाही.

मारल्याने संख्या का घटत नाही

दावणीला जेवढा चारा, तेवढीच जनावरे गोठ्यात पोसली जातात. रानातील पक्ष्यांचेही तसेच आहे. एखाद्या तलावावर किती पाणकोंबड्या राहतील, हे तेथील पाणकणसाचा विस्तार, घरट्यास योग्य अशा जागा आणि अन्न यांवरून ठरते. दाट रान कायम ठेवून त्यातील काही पक्षी मारले, तर उरलेल्यांना अधिक अन्न व अधिक जागा मिळते, त्यांची अधिक पिले जगतात, आणि शेजारच्या पाणथळीतील पक्षी मोकळ्या जागेत येऊन राहतात. पुढील पावसाळ्यात संख्या पूर्ववत होते. दारूगोळा, श्रम व वेळ मात्र खर्ची पडलेले असतात. रान कमी झाले की तेथे पोसले जाणारे पक्षीही आपोआप कमी होतात.

परदेशांतील अनुभव

हाच पक्षी सातासमुद्रापलीकडे मात्र खरोखर उपरा ठरला आहे. अमेरिकेच्या दक्षिणेकडील फ्लोरिडा राज्यात १९९६ च्या सुमारास पेम्ब्रोक पाइन्स या गावाजवळच्या पाणथळीत जांभळ्या पाणकोंबड्या प्रथम आढळल्या. त्या पाळलेल्या पक्ष्यांतून सुटलेल्या असाव्यात, असे मानले जाते. तेथील स्थानिक पाणपक्ष्यांना त्या जड जातील, या चिंतेने सरकारी यंत्रणेने २००६ ते २००८ या काळात ३,१०० हून अधिक पक्षी मारले. तरीही त्यांचा प्रसार थांबला नाही. अफाट दलदल, दाट लव्हाळा आणि भरभर होणारी वीण यांपुढे बंदुका अपुऱ्या पडल्या आणि अखेरीस ती मोहीम सोडून द्यावी लागली.

दुसरे उदाहरण ब्रिटनचे आहे. अमेरिकेतून आणलेली एक तांबूस बदकाची जात तेथील पक्षिसंग्रहातून १९५० नंतरच्या दशकात निसटली व वाढत वाढत २००० सालाच्या सुमारास तिची संख्या सुमारे ६,००० झाली. ती युरोपात पसरून स्पेनमधील दुर्मिळ, पांढऱ्या डोक्याच्या बदकाशी संकर करू लागली. त्या दुर्मिळ जातीचा वंशच बुडण्याची भीती उत्पन्न झाल्याने ब्रिटनने २००५ साली निर्मूलनाची मोहीम हाती घेतली आणि सुमारे दहा वर्षांत संख्या काही डझनांवर आणली. हे साधण्याचे कारण असे, की ती बदके हिवाळ्यात मोजक्याच तळ्यांवर गोळा होत. तरीही या कामाला प्रशिक्षित माणसे, अनेक वर्षे आणि प्रचंड पैसा लागला.

तिसरे उदाहरण सर्वांत बोधप्रद आहे. न्यूझीलंडमध्ये जांभळ्या पाणकोंबडीच्या कुळातील पुकेको हा पक्षी विपुल आहे, तर त्याचाच भाऊबंद असलेला ताकाहे हा अत्यंत दुर्मिळ आहे. ऑगस्ट २०१५ मध्ये मोतुतापू या बेटावर पुकेकोची संख्या कमी करण्यासाठी अनुभवी शिकारी नेमले असता, त्यांच्याकडून ओळखीच्या चुकीने चार ताकाहे मारले गेले. त्या वेळी संपूर्ण देशात ताकाहेंची संख्या सुमारे ३०० एवढीच होती. जाणत्यांची जेथे अशी चूक होते, तेथे संधिप्रकाशात गोफण किंवा बंदूक घेऊन उभ्या राहिलेल्या माणसाकडून काय होईल, याचा विचार करावा.

या अनुभवांवरून दोन बोध घेण्यासारखे आहेत. परक्या पक्ष्याचा बंदोबस्त तो येण्यापूर्वीच करावयाचा असतो. म्हणून हौसेने पाळलेली परदेशी बदके किंवा इतर पक्षी नकोसे झाल्यास गावतळ्यात सोडून देऊ नयेत. आणि जो पक्षी येथलाच आहे, त्याच्या बाबतीत निर्मूलनाचा मार्ग लागूच पडत नाही. तेथे जागेची व्यवस्था सुधारणे हाच मार्ग उरतो.

तलावातील खरे परके

आपल्या जलाशयांत परके कोणी असेल, तर ते केंदाळ होय. जलपर्णी या नावानेही ओळखली जाणारी ही वनस्पती मूळची दक्षिण अमेरिकेतील. तिच्या जांभळ्या फुलांच्या मोहाने ती जगभर नेली गेली आणि एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बंगालमार्गे भारतात शिरली. अनुकूल स्थितीत ती सुमारे दोन आठवड्यांत दुप्पट होते. तिचे बी चिखलात अनेक वर्षे जिवंत राहते. शहरांचे सांडपाणी आणि शेतातून वाहून येणारी खते यांवर ती पोसते. नदीला पाणी कमी असताना बंधाऱ्यांच्या फुगवट्यात, संथ पाण्यावर तिचा थर जमतो. त्याखाली प्रकाश व प्राणवायू कमी होऊन मासे मरतात, पंपांच्या फुटबॉलमध्ये मुळ्या अडकतात, डासांना आश्रय मिळतो. बेशरम ही तलावाच्या कडेला माजणारी झुडुपेही दक्षिण अमेरिकेतूनच आलेली आहेत.

पाणकणीस हे मात्र येथलेच आहे. ते गाळ अडवते, माशांच्या पिलांना आडोसा देते. परंतु उथळ, गाळाने भरलेल्या व खतांचे पाणी मिळणाऱ्या तलावात ते आपली सीमा ओलांडते. केंदाळाचा तरंगता थर आणि पाणकणसाची भिंत या दोहोंमुळे पाणकोंबडीला शेताच्या बांधापर्यंत दडत येण्याची वाट तयार होते. ही वाट मोडणे हे बंदोबस्ताचे पहिले काम होय.

तण काढण्याची वेळ व रीत

पाणकणीस कापण्यास एप्रिल व मे हे महिने योग्य आहेत. या काळात पाणी उतरलेले असते आणि विणीला अद्याप आरंभ झालेला नसतो. देठ शक्य तितका खाली, उरलेल्या पाण्याच्या पातळीखाली किंवा जमिनीलगत कापावा. पाणकणसाचे जमिनीतील कंद वरच्या देठातून हवा घेतात. पावसाने तलाव भरून कापलेली टोके पाण्याखाली गेली, की कंद गुदमरून कुजतात. पाण्यावर देठ ठेवून केलेली कापणी ही नव्या फुटीला आमंत्रण ठरते. पावसाळ्यात, म्हणजे घरट्यांच्या काळात, ही कापणी करू नये.

सर्व रान एकदम काढून टाकणे हितावह नाही. पिकाच्या बाजूची कड प्रथम मोकळी करावी आणि पलीकडच्या, शेतीपासून दूर असलेल्या बाजूचे रान राखून ठेवावे. पक्ष्यांना तेथे जागा मिळाली की पिकाकडे त्यांची ओढ कमी राहते. खटाव तालुक्यातील मायणीसारखा तलाव हिवाळी पाहुण्यांसाठी आणि रोहित पक्ष्यांसाठी प्रसिद्ध आहे. त्या परिसराला २०२१ मध्ये पक्षी संवर्धन राखीव क्षेत्राचा दर्जा मिळाला. अशा क्षेत्रात कोणतेही काम वनविभागाच्या संमतीखेरीज करू नये.

केंदाळ थोडे असतानाच, फुलावर येण्यापूर्वी, हाताने किंवा दाताळ्याने ओढून काढावे. आरंभ प्रवाहाच्या वरच्या अंगाने करावा. अन्यथा वरून येणारे तुकडे साफ केलेली जागा पुन्हा व्यापतात. काढलेला ढीग काठावर ठेवू नये. पुराच्या रेषेच्या वर खड्डा घेऊन केंदाळ, शेण व माती यांचे थर देऊन कंपोस्ट करावे. केंदाळात नव्वद टक्क्यांहून अधिक पाणी असते, म्हणून ते प्रथम दोन-चार दिवस सुकवावे. सांडपाण्यावर वाढलेले केंदाळ जनावरांना चारू नये.

तणनाशकाचा मोह टाळावा. बहुतेक तलावांचे पाणी माणसे व जनावरे पितात. शिवाय औषधाने एकदम मेलेले केंदाळ पाण्यातच कुजून प्राणवायू शोषून घेते व मासे मरतात. केंदाळ खाणारे भुंगेरे भारतात १९८० नंतरच्या दशकात परदेशातून आणून बंगळूर येथे सोडण्यात आले. त्यांचा उपयोग होतो, परंतु परिणाम दिसण्यास काही वर्षे लागतात. म्हणून ते तज्ज्ञांच्या सल्ल्यानेच सोडावेत.

पाणथळ झालेल्या शेतजमिनीत चर काढून निचरा करणे हाच कायमचा उपाय होय. सांगलीजवळील कसबे डिग्रज येथील कृषी संशोधन केंद्रात खारवट व पाणथळ जमिनींच्या सुधारणेविषयी मार्गदर्शन मिळू शकते.

पिकाचे रक्षण

लावणीनंतरचे पहिले काही आठवडे सर्वांत नाजूक असतात. या काळापुरते पुढील उपाय योजावेत.

१. भाताचा तरवा पाणकणसापासून दूर टाकावा. दूर जागा नसल्यास त्यावर जाळे ताणून बसवावे. सैल जाळ्यात पक्षी व साप अडकून मरतात.

२. रान व पीक यांच्यामध्ये सात-आठ पावलांचा मोकळा पट्टा ठेवावा आणि बांधावरील गवत कापावे. हा पक्षी आडोसा सोडून फार पुढे येण्यास कचरतो.

३. पाणकोंबडी शेतात बहुधा चालत शिरते. म्हणून रानाच्या बाजूच्या बांधावर गुडघ्याएवढ्या उंचीचे जाळ्याचे कुंपण करावे.

४. चमकणारी फीत पिकाच्या वर वीतभर उंचीवर पीळ देऊन बांधावी. बुजगावणे दर तीन-चार दिवसांनी दुसऱ्या जागी हलवावे. एकाच जागी उभ्या असलेल्या बुजगावण्याला पक्षी लवकरच सरावतात.

५. पहाटे व सूर्यास्तापूर्वी राखण करावी. शेजारच्या शेतकऱ्यांनी एकाच वेळी लावणी करून पाळीपाळीने राखण केल्यास एकाच शेतावर सारा भार पडत नाही.

पीक वाढून चुडे राठ झाले, की हा धोका पुष्कळ कमी होतो.

विष आणि कायदा

कीटकनाशक लावलेले दाणे बांधावर टाकण्याचा प्रकार अत्यंत घातक आहे. ते दाणे पाणकोंबडीपूर्वी कबुतर, मोर, घरच्या कोंबड्या व वासरे यांच्या पोटात जातात. मेलेला पक्षी कुत्र्याने किंवा घारीने खाल्ला, तर तेही मरतात. पावसाच्या पाण्याबरोबर तेच विष तलावात उतरते आणि तेथून मासे व माणसे यांच्यापर्यंत पोहोचते. पिकाचे काही चूड वाचविण्यासाठी गावाच्या पाण्याशी खेळ करणे शहाणपणाचे नाही.

वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ अन्वये या पक्ष्याला संरक्षण आहे. त्याला मारणे किंवा पकडणे तर गुन्हा आहेच. त्याची अंडी नष्ट करणे किंवा घरटे मोडणे हेही शिकारीच्या व्याख्येत मोडते आणि त्यासाठी तुरुंगवास व दंड होऊ शकतो. नुकसान असह्य झाल्यास वनविभागाकडे लेखी अर्ज करावा. कायद्यात उभ्या पिकाच्या रक्षणासाठी परवानगीची तरतूद आहे. परंतु निर्णय घेण्याचा अधिकार त्या खात्याच्या सक्षम अधिकाऱ्याला आहे, शेतकऱ्याला किंवा ग्रामपंचायतीला नाही.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांसाठी

गावच्या तलावाची एक वही ठेवावी. दर पंधरा दिवसांनी एकाच वेळी, सकाळी, त्याच दोन-तीन जागांवरून पक्षी मोजावेत. पाण्याची पातळी, पाणकणसाचा व केंदाळाचा अंदाजे विस्तार आणि जवळच्या पिकाची अवस्था यांची नोंद करावी. तक्रार आल्यास चौकट टाकून नुकसान मोजावे व खुणा तपासाव्यात. दोन हंगामांच्या नोंदी हाती आल्या, म्हणजे रान घटल्यावर पक्षी व नुकसान किती घटले हे ग्रामसभेपुढे आकड्यांनिशी मांडता येईल. साताऱ्यातील बोरगाव व सांगलीतील कांचनपूर येथील कृषी विज्ञान केंद्रांशी या कामी संपर्क ठेवावा.

एप्रिलमध्ये चार दिवसांचे श्रमदान करून पिकाकडील कड साफ केली आणि पूररेषेवर कंपोस्टचे खड्डे भरले, तर जुलैमध्ये भाताचे खाचर सुरक्षित राहते, खरिपानंतर खत मिळते आणि तलावात पाण्यासाठी जागा होते. पाणकोंबड्या पलीकडच्या काठावर आपल्या रानात राहतील, आणि गावाची शेती अलीकडच्या काठावर निर्धास्त होईल. हे काम बंदुकीने होणारे नाही. ते विळ्याने, दाताळ्याने आणि गावाच्या एकजुटीने होणारे आहे.